दुसऱ्याचा सूर संपेपर्यंत

पुण्यात मी व्हायोलिन शिकले ते मांडी घालून. वाद्याचं डोकं उजव्या पावलावर टेकलेलं, तारा सा-प-सा-प लावलेल्या, कानात व्ही. जी. जोग आणि डी. के. दातार. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आल्यावर खुर्चीत ताठ बसून, समोरचा कागद वाचत वाजवायची सवय करावी लागली. ओळखीतल्या हौशी क्वार्टेटला व्हियोला वाजवायला कुणी मिळेना, म्हणून मला बोलावलं. (व्हियोला बहुतेकांच्या वाट्याला असाच येतो.) हायडन वाजवताना माझं सगळं लक्ष मोजण्यात जाई.

मग एका तालमीला आमच्या सेकंड व्हायोलिनवाल्या बाई क्रोनोस क्वार्टेटच्या स्वरलिपी छापून घेऊन आल्या. क्रोनोस मला माहीत होतं ते आशाताई भोसले यांच्यामुळे. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांचा क्रोनोसचा अल्बम 2005 मध्ये आला, त्यात सत्तरी ओलांडलेल्या आशाताई गायल्या आहेत, तबलावादक झाकिरभाई हुसेन आहेत आणि वू मान यांचं पिपा हे चिनी तंतुवाद्य आहे. पण डेव्हिड हॅरिंग्टन यांनी 1973 मध्ये सिॲटलला हा चमू काढला तो जॉर्ज क्रम्ब यांची व्हिएतनाम युद्धाच्या सावलीतली ‘ब्लॅक एंजल्स’ ही रचना रेडिओवर ऐकून. तेव्हापासून नव्या रचना लिहून घ्यायच्या आणि वाजवायच्या, हाच त्यांचा धंदा. अशा हजारावर रचना त्यांनी लिहून घेतल्या आहेत.

त्या स्वरलिपी ‘फिफ्टी फॉर द फ्यूचर’ या प्रकल्पातल्या. 2015 मध्ये सुरू झालेल्या या कामात 25 स्त्रिया आणि 25 पुरुष अशा पन्नास संगीतकारांकडून विद्यार्थ्यांसाठी रचना करून घेतल्या. कागद फुकट मिळतात याचं सगळ्यांना कौतुक. मला क्रोनोसने केलेलं त्या रचनांचं ध्वनिमुद्रण जास्त मोलाचं वाटतं. हायडन कसा वाजतो हे दहा ठिकाणी ऐकायला मिळतं. कालच लिहिलेली रचना कशी वाजते हे कुणी वाजवून दाखवल्याशिवाय कळणार कसं? पुण्याच्या माझ्या सरांनी कधी काही लिहून दिलं नाही, वाजवून मात्र शंभरदा दाखवलं.

आम्ही निवडली अलेक्झांड्रा व्रेबालोव या सर्बियन संगीतकार बाईंची ‘माय डेझर्ट, माय रोज’. तिच्यात प्रत्येकाला वेगळे स्वरसमूह दिलेत, पण ते किती लांबवायचे, कोणत्या लयीत, किती जोरात, हे बरंचसं वाजवणाऱ्यांवर सोडलेलं. आमचे पहिले व्हायोलिनवादक पेशाने इंजिनीअर. ते वैतागून म्हणाले, “अहो, पण थांबायचं कधी?” मी मनात म्हटलं, चला, आलाप आला, आता आपलं राज्य.

तसं झालं नाही. आलापात मी पुढे आणि साथ माझ्या मागे. इथे मागे कुणीच नव्हतं. मी मींड ताणली की चेलोवाले आजोबा शांतपणे आपल्याच वाटेने जात. त्यांचा सूर संपत आला आहे का, दुसऱ्या व्हायोलिनला आता जागा हवी आहे का, हे ऐकत आपला सूर सोडायचा. पहिल्या तालमींत चौघं एकदम बोलत होतो, नंतर चौघं एकदम गप्प. हळूहळू इंजिनीअर साहेबांनी पायाने ठेका धरणं सोडलं, तेव्हा कुठे रचना उभी राहू लागली.

क्रोनोसला सॅन फ्रान्सिस्कोत प्रत्यक्ष ऐकलं ते स्टीव्ह राइश यांच्या ‘डिफरंट ट्रेन्स’मध्ये. ध्वनिमुद्रित माणसांच्या बोलण्यातले चढउतार वाद्यं उचलतात. बायकांचं बोलणं व्हियोलावर, पुरुषांचं चेलोवर. आगगाड्यांच्या भोंग्यांमध्ये नाझींच्या छळातून वाचलेल्यांचे आवाज येतात. क्रोनोसचे हँक डट् यांचा व्हियोला ध्वनिमुद्रणातल्या बाईंच्या स्वराला असा बिलगून वाजत होता, की कोण कुणामागे जातंय ते कळेना. चाळीसहून अधिक वर्षं वाजवून डट् 2024 मध्ये निवृत्त झाले, व्हायोलिनवादक जॉन शेर्बाही त्याच वर्षी.

आता आजोबांना ‘डिफरंट ट्रेन्स’च वाजवायचं आहे. त्याला आधी ध्वनिमुद्रित केलेल्या आणखी तीन क्वार्टेटांची साथ लागते, स्पीकर लागतात, आणि आमच्याकडे आहे एक दिवाणखाना. म्हणून सध्या ‘फिफ्टी फॉर द फ्यूचर’मधलीच झाकिरभाईंची ‘पल्लवी’ काढली आहे. इंजिनीअर साहेब खूश आहेत. पुन्हा मोजायला मिळणार म्हणून.