प्रयोगातला कर्ता

व्याकरणातही 'प्रयोग' असतो आणि रसायनशास्त्रातही, हे मी वर्गात गमतीने सांगत आलो आहे. त्या गमतीतले गांभीर्य मला एका छापील तक्त्याने दाखवले.

मूलच्या परिसरात मोह विपुल आहे. त्याच्या बियांतले तेल द्रावकाने वेगळे करण्याचा प्रयोग रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांना नव्याने सुरू करायचा होता. त्यापूर्वी भरावयाचा जोखीम-मूल्यांकनाचा इंग्रजी तक्ता त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "सर, याचे मराठी करून द्या. बाटल्या हलवणारा, भांडी धुणारा परिचर यावर सही करणार; त्याला वाचता आले पाहिजे."

पहिल्याच ओळीत मी अडलो. 'धोका' आणि 'जोखीम' हे शब्द आपण सर्रास एकमेकांऐवजी वापरतो. सहकाऱ्यांनी फरक उलगडला. हेक्झेन चटकन पेट घेते. त्याची वाफ हवेहून जड, म्हणून टेबलावरून सरपटत दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. दीर्घकाळ श्वासात गेल्यास हातापायांच्या नसा दुबळ्या करते. हा त्या पदार्थाचा अंगभूत धोका. तो किती घेतला, किती वेळ उघडा राहिला, जवळ कोण होते, यांवरून ठरते ती जोखीम. म्हणून पहिला प्रश्न असा : हा पदार्थ टाळता येईल का? हेक्झेनऐवजी हेप्टेन घेतले, तर नसांवरचे संकट बरेच टळते. आगीचे उरते, त्यासाठी बर्नर हटवायचा, वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात मांडणी करायची. हातमोजे आणि चष्मा सर्वांत शेवटी.

मी अनुवाद केला : 'योग्य काळजी घ्यावी', 'हातमोजे वापरावेत'. भाषा शुद्ध होती आणि प्रयोग कर्मणी. कर्ता कुठेच नव्हता.

तेव्हा यवतमाळ आठवले. 2017च्या खरिपात तेथे कपाशीवर कीटकनाशके फवारताना शेकडो जणांना विषबाधा झाली. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कीटकनाशकाच्या वेष्टनावर विषारीपणा सांगणारा रंगीत त्रिकोण असतो, सूचनाही असतात. पण पुरुषभर वाढलेल्या कपाशीत, दोन-तीन औषधे एकत्र करून, उकाड्यात फवारणाऱ्या मजुराच्या हाती ती वाक्ये कोण देणार होते? कर्ता नसलेल्या वाक्यातली चूक शेवटी सर्वांत दुबळ्या माणसाच्या नावावर लागते.

तक्ता पुन्हा लिहिला, या वेळी कर्तरी प्रयोगात : 'शिक्षक द्रावक मोजतात', 'परिचर बाटली उघडतो', 'विद्यार्थी ज्योत पेटवत नाहीत'. वाक्ये रूक्ष झाली, पण प्रत्येक कृतीला माणूस मिळाला.

परिचराने तो ओळींखाली बोट ठेवून सावकाश वाचला. मग विचारले, "सर, उरलेलं कुठं टाकाचं?"

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. तक्ता तेल निघाले तेथेच संपला होता. नंतरचे काम आम्हा दोघांपैकी कुणाचेच नव्हते, म्हणून ते सुचलेही नव्हते. 'वापरलेले द्रावक बेसिनमध्ये ओतत नाही. झाकणाच्या वेगळ्या बाटलीत साठवतो', ही ओळ त्याच्या प्रश्नाने आली. ती बाटली पुढे कोण, कुठे नेणार, हे मात्र कुणालाच सांगता येईना. ते ठरेपर्यंत प्रयोग थांबला.