फॉर्म ३५ आणि माळ्यावरचा खोका



इथे बहुतेक जण जुन्या वाड्यांच्या, जत्रांच्या, निजामाच्या काळातल्या आठवणी लिहितात. माझी आठवण तेवढी जुनी नाही. वीस वर्षांचीच आहे, आणि ती एका टीव्ही गेमच्या खोक्याची आहे. हसू नका. त्या खोक्यावरून मी माझ्या मुलाला चोर म्हणालो होतो, म्हणून लिहायला बसलो.

साल २००४. मी भालकी तालुक्यातल्या एका शाखेत मॅनेजर होतो, घर बिदरला. मुलगा गुलबर्ग्याला (तेव्हा कलबुर्गी नाव झालं नव्हतं) इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशातून त्यानं एक वापरलेला गेमचा खोका विकत घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, घरातल्या गोष्टीत त्याची गरज नाही. सुट्टीला आल्यावर म्हणाला, "बाबा, हैदराबादला जाऊन यात चिप बसवून आणतो."

ही चिप काय असते ते मी तेव्हा शेजारच्या एका पोराकडून माहीत करून घेतलं होतं. खोका चालू केला की आधी तो डिस्क तपासतो. कंपनीचा शिक्का असलेली डिस्क असेल तरच पुढे जातो, नाहीतर अडतो. चिप त्या तपासणीला फसवते. मग बाजारात पन्नास-शंभर रुपयाला मिळणाऱ्या नकली डिस्कही चालतात. एवढं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी. खोट्या सहीचा चेक आणि खोट्या शिक्क्याची डिस्क, मला फरक दिसेना.

तो म्हणाला, "मला नकली डिस्कसाठी नको. मी स्वतः लिहिलेला प्रोग्राम त्यात चालवून बघायचाय. खोका माझा, पैसे माझे, प्रोग्राम माझा. मग कंपनीची परवानगी कशाला?"

मी म्हणालो, "चोर असंच बोलतात."

ही तिच्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, पोराला असं काय बोलता?" पण शब्द निघून गेला होता. त्यानं खोका गुंडाळला, माळ्यावर टाकला आणि पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही. पुढे शिकला, नोकरीला पुण्याला गेला, सगळं नीट झालं. पण कॉम्प्युटरमधलं काही सांगायचं असलं की तो आईला सांगायचा, मला नाही. हे मला कळत होतं.

आता जरा मागे जातो. नव्वदच्या सुमारास आपल्याकडे घरोघरी जे टीव्ही गेम होते, कॅसेट घालायचे, मारिओ आणि काँट्रावाले, ते आठवत असतील. ते बहुतेक जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या १९८३ च्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला होत्या. त्या जपानी यंत्रात कुलूप नव्हतं, कुठलीही कॅसेट घाला, चालायची. १९८५ साली तेच यंत्र अमेरिकेत विकायला काढलं तेव्हा कंपनीनं आत एक कुलपाची चिप घातली. कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप नसेल तर खेळ सुरू होईना. म्हणजे आपल्या पोरांना नकली का होईना, बिनकुलपाचं यंत्र मिळालं होतं, आणि साहेबाच्या पोरांना अस्सल पण कुलूपबंद.

कंपनीची बाजूही खरी आहे, ती सांगायला पाहिजे. खोका पुष्कळदा स्वस्तात, कधी तोट्यातही विकतात, आणि नफा खेळांच्या विक्रीवर काढतात. नकली डिस्क चालल्या तर धंदा बुडतो, खेळ लिहिणाऱ्याच्या पोटावर पाय येतो. वाईट एवढंच की नकली डिस्क आणि मालकाचा स्वतःचा प्रोग्राम, दोघांना आत यायला दार एकच. चोरासाठी कुलूप लावलं की मालकही बाहेर.

सोनी कंपनीनं हे दार दोन वेळा स्वतःच उघडलं होतं. २००२ साली प्लेस्टेशन २ साठी लिनक्सचा संच विकला, सोबत कीबोर्ड, माऊस आणि ४० जीबीची हार्ड डिस्क. २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्ये तर दुसरी प्रणाली घालायची सोय पहिल्यापासूनच होती. त्यावर लोकांनी काय काय केलं बघा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या विद्यापीठात गौरव खन्ना नावाच्या आपल्या भारतीय प्राध्यापकांनी असे खोके एकमेकांना जोडून कृष्णविवरांची गणितं सोडवली. अमेरिकेच्या हवाई दलानं २०१० साली तब्बल १,७६० खोके जोडून महासंगणक उभा केला.

आणि त्याच साली, १ एप्रिलला, सोनीनं नव्या अपडेटमधून ती सोय काढून टाकली. कारण दिलं सुरक्षिततेचं. अपडेट घ्यायचं नसेल तर घेऊ नका म्हणाले, पण मग ऑनलाइन खेळ बंद, नवे खेळ बंद. विकत घेताना जी सोय होती ती घरबसल्या गेली. ग्राहक कोर्टात गेले, वर्षानुवर्षं दावा चालला, शेवटी तडजोड झाली.

पुढची गोष्ट बँकवाल्यांनी नीट वाचावी. २०१० च्या डिसेंबरात बर्लिनच्या एका परिषदेत काही तरुण तंत्रज्ञांनी दाखवलं की कंपनी ज्या डिजिटल सहीनं प्रोग्राम मंजूर करते, त्या सहीत दर वेळी नवा यादृच्छिक आकडा लागतो, आणि इथे प्रत्येक सहीत तोच आकडा वापरला होता. दोन सह्या शेजारी ठेवल्या की गुप्त किल्ली गणितानं बाहेर येते! महिन्याभरात जॉर्ज हॉट्झ या तरुणानं एक किल्ली जगजाहीर केली. कंपनीनं दावा लावला, एप्रिल २०११ मध्ये समेट जाहीर झाला. आमच्याकडे तिजोरीच्या दोन किल्ल्या, एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशिअरकडे. दोघांनी एकाच खिळ्याला टांगल्या असत्या तर जे झालं असतं, तेच तिथे झालं.

हे सगळं मला कधी कळलं? या मे महिन्यात. नातू सुट्टीला आला, सोळा वर्षांचा आहे. माळ्यावर चढला आणि तो खोका घेऊन उतरला. डिस्क वाचणारी लेन्स वयोमानानं गेली होती. मी म्हणालो, भंगारात दे. तो म्हणाला, "आजोबा, डिस्क लागतच नाही." त्यानं एक मेमरी कार्ड मागवलं. खोका चालू होताना आधी ते कार्ड वाचतो आणि त्यातला प्रोग्राम सुरू होतो. चिप नाही, डाग देणं नाही.

मग चार दिवस तो आजीच्या मागे. चौकाबाराचे नियम विचारत होता. आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको, फरशीवर खडूनं पाच उभी, पाच आडवी अशी पंचवीस घरं, चार कवड्या, फुल्यांच्या घरात सोंगटी मरत नाही. त्यानं फुकट मिळणारी साधनं वापरून तो खेळ लिहिला आणि त्या वीस वर्षं झोपलेल्या खोक्यात घातला. टीव्हीवर कवड्या पडल्या. ही खेळायला बसली, पहिल्याच डावात त्याला हरवलं, आणि वर म्हणाली, "कवड्या फार गुळगुळीत पडतात रे तुझ्या."

मी गप्प बसून बघत होतो. यात चोरी कुठे होती? कोणाचा खेळ उचलला होता? मुलानं २००४ मध्ये मागितलं होतं ते हेच होतं.

रात्री कायदा काढून वाचला, सवय जात नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५अ आलं. डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण त्यात एक अट आहे: हक्क मोडण्याच्या हेतूनं तोडलं तर. कायद्यानं स्पष्ट मना न केलेल्या कामासाठी असेल तर ते कलम आड येत नाही. मी वकील नाही, पण हेतू बघावा हे कायद्याला सुचलं, मला बापाला सुचलं नाही. अमेरिकेत मात्र २०१२ साली खोक्याचं कुलूप काढायची सूट मागितली ती नाकारली गेली. २०२१ साली दिली, तीही फक्त डिस्क वाचणारा भाग दुरुस्त करण्यापुरती.

नोकरीत मी शेकडो ट्रॅक्टरांची कर्जं दिली. कर्ज असेपर्यंत आरसी बुकावर बँकेचं नाव. ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या दारात, पण विकायचा तर आम्हाला विचारून. शेवटचा हप्ता आला की मी फॉर्म ३५ वर सही करून नाहरकत द्यायचो. तो कागद बिदरच्या आरटीओत गेला की बँकेचं नाव कटलं. भालकीकडचा एक म्हातारा शेतकरी तो कागद कपाळाला लावून म्हणाला होता, "आता माझा झाला बघा साहेब."

या खोक्यांना फॉर्म ३५ नाही. रोख पैसे मोजले, कर्ज एक रुपयाचं नाही, तरी बोजा कायमचा. आता टीव्ही, मोबाइल, गाड्या सगळे त्याच वाटेनं चाललेत. आपल्या सरकारनं २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारंही घेतली, हे बरं झालं.

दुसऱ्या दिवशी मुलाला फोन केला. म्हणालो, "त्या खोक्यावरून मी तुला चोर म्हणालो होतो. ते चुकलं माझं."

तो बराच वेळ बोलला नाही. मग हसून म्हणाला, "बाबा, खोटं कशाला सांगू, चिप बसवली असती तर दोन-चार नकली डिस्कही चालवल्या असत्या मी."

मी म्हणालो, "त्या दोन-चारांसाठी रागवायला पाहिजे होतं. बाकीच्यासाठी नाही."

मग त्यानं अर्धा तास मला तो तेव्हा कोणता प्रोग्राम लिहिणार होता ते समजावून सांगितलं. निम्मं कळलं नाही. पण सांगितलं मला, आईला नाही.

खोका आता टीव्हीखाली आहे. तुमच्याही माळ्यावर असं काही असेल तर भंगारात देण्याआधी एकदा नातवंडांना दाखवा. आणि चौकाबारा खेळायला कोणी बिदरला येणार असाल तर या, ही कोणालाही हरवते.