जेवणाचे खाते

आडत व्यापाऱ्याच्या घरात सहा आठवड्यांचा प्रवास आणि त्यातून एकही सौदा नाही, ही गोष्ट समजावून सांगणे सोपे नसते. बार्शीतील एका भुसार आडतीच्या घरातल्या मुलाने २०१८ च्या जानेवारीत पाठीवर पिशवी टाकून थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम पाहून येण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा वडिलांनी खर्च विचारला, आईने जेवणाचे काय ते विचारले, आणि आजोबांनी एवढेच विचारले, "नेणार काय आणि आणणार काय?"

प्रश्नात उपहास नव्हता. आजोबांच्या वाचनात उद्द्योतनसूरींची 'कुवलयमाला' होती. इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे पूर्ण झालेल्या या प्राकृत कथेत सोपाऱ्याच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या, व्यापाऱ्यांची एक बैठक आहे. आपण कोठे गेलो, कोणता माल नेला आणि काय घेऊन परतलो, हे परदेशाहून आलेल्याने तेथे सांगायचे असा रिवाज. एक जण पळसाची फुले घेऊन सुवर्णद्वीपाला गेला आणि सोने घेऊन आला. दुसऱ्याने रत्नद्वीपाला कडुनिंबाची पाने नेली आणि रत्ने आणली. अशा परंपरेतील मुलाने रिकाम्या हाताने जावे आणि रिकाम्या हाताने यावे, हे आजोबांना पटण्यासारखे नव्हते. तरी त्यांनी अडवले नाही. निघण्याच्या सकाळी नातवाला नियम मात्र दिला: मांस, मासळी, अंडी नाहीतच, कंदमूळ नाही, आणि सूर्यास्तानंतर तिविहार, म्हणजे पाण्याखेरीज काही नाही. "जमणार नसेल तर आत्ताच सांग," ते म्हणाले. "घेतलेला नियम वाटेत मोडण्यापेक्षा न घेतलेला बरा." नातवाने हात जोडून पच्चक्खाण घेतले.

सोबतीला होता पुण्याच्या वसतिगृहातील चार वर्षांचा मित्र. तेथे दोघांची खरी नावे मागे पडून 'बार्शीकर' आणि 'कोल्हापूरकर' हीच रूढ झाली होती. कोल्हापूरकराला रविवारी तांबडा-पांढरा रस्सा मिळाला नाही तर आठवडा फुकट गेल्यासारखे वाटे. पण वसतिगृहाच्या खाणावळीत दोघांची ताटे दोन वेगळ्या खिडक्यांतून येत आणि एका टेबलावर ठेवली जात. स्वयंपाक तिसराच कोणी करी, पैसे महिन्याअखेर घरून भरले जात. चार वर्षांत दोघांच्या मैत्रीला जेवणाची परीक्षा कधी द्यावीच लागली नव्हती.

बँकॉकच्या विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. उतरल्या उतरल्या व्हिसासाठी माणशी २,००० बाट रोख मोजावे लागले. एक बाट म्हणजे त्या वेळी सुमारे दोन रुपये. बार्शीकराने रांगेतच वही काढली. दोघांनी सारखी रक्कम एका पाकिटात ठेवायची, सर्व खर्च त्या सामाईक पाकिटातून करायचा आणि रात्री वहीत लिहायचा, असे ठरले. विमानतळावरून शहरात येणाऱ्या आगगाडीचे तिकीट ४५ बाट. पुढे बस. मुक्काम खाओ सान रस्त्यामागच्या गल्लीत, एका खोलीत आठ पलंग असलेल्या धर्मशाळावजा वसतिगृहात.

जगभरचे पाठपिशवीवाले तरुण ज्या रस्त्याला गाणी, मद्य आणि स्वस्त खोल्यांसाठी ओळखतात, त्या खाओ सानचा अर्थ आहे सडलेला तांदूळ. कधी काळी येथे तांदळाची पेठ होती. भुसाराच्या घरातल्या मुलाला या माहितीने फार आनंद झाला. कोल्हापूरकराला तिच्याशी काही देणेघेणे नव्हते. तो गाड्यावरच्या पसरट कढईत परतल्या जाणाऱ्या शेवयांकडे पाहत होता. त्यांत सुकी कोळंबी, अंडे आणि 'नाम प्ला' नावाचे माशांचे खारवलेले पाणी पडत होते. या देशात हे पाणी आपल्याकडच्या मिठाच्या जागी आहे. भाजीतही ते असते. नुसते "मांस नको" म्हणून भागत नाही, हे बार्शीकराला पहिल्या तासाभरात कळले. त्याने पलंगावर बसून थेपला आणि सुकी चटणी खाल्ली. सहाच्या सुमारास सूर्य मावळला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघे याओवारात या चिनी पेठेत गेले. ही पेठ खरी जागी होते ती दिवे लागल्यावर, म्हणजे नेमकी बार्शीकराचे जेवण संपल्यावर. कोल्हापूरकराने तीन गाड्यांवर तीन तऱ्हांचे मासे खाल्ले. बार्शीकर प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावर पाण्याची बाटली घेऊन बसला. वास त्याला सोसत नव्हता, पण तो बोलला नाही. न बोलणे हे काही वेळा संयमाचे लक्षण असते आणि काही वेळा नुसत्या अढीचे. त्या रात्री दोन्हींची सरमिसळ झाली असावी.

रात्री त्याने वही लिहिली. बोटीचे ३० सामाईक. बसचे सामाईक. माशांचे १८० बाट त्याने कोल्हापूरकराच्या एकट्याच्या नावे टाकले.

कोल्हापूरकराने ते पाहिले. "भावा, तू माझा हिशेब केलास?"

"तसं नाही रे."

"मग कसं? मी तुझ्या थेपल्याचा वाटा मागितला का? शेवटी मारवाडीच निघालास!"

हे वाक्य बार्शीकराने शाळेपासून अनेकांकडून ऐकले होते. या एकाकडून ऐकले नव्हते. कोल्हापूरकराला ते ओठांबाहेर पडताच लागले असणार, पण आठ पलंगांच्या खोलीत बाकीचे झोपले होते, आणि पुढचे बोलणे राहून गेले.

तिसऱ्या दिवशी दोघे वेगवेगळे निघाले. बार्शीकर फ्रा आथित धक्क्यावरून नारिंगी झेंड्याच्या बोटीने साथोर्नला उतरला आणि चालत सिलोमच्या बाजूला गेला. बँकॉक हे रंगीत रत्नांचे मोठे बाजारकेंद्र आहे, आणि जयपूरशी त्याचा जुना राबता. त्या व्यापारामुळे तेथे स्थिरावलेली जैन कुटुंबे आहेत, मंदिरही आहे. दर्शन झाल्यावर एका वयोवृद्ध रत्नव्यापाऱ्याने "जय जिनेन्द्र" केले, गाव विचारले आणि जेवायला घरी नेले. तीन दिवसांनी गरम मूगडाळ आणि फुलके पुढे आले तेव्हा मुलाला घास गिळवेना. त्या गृहस्थांनी सरळ सांगितले, "बँकॉकमध्ये आहेस तोवर येथेच राहा. सूर्यास्ताआधी ताट मिळेल. कसली चिंता नको." पेच हाच होता. नियम पाळायचा तर याहून सोपी सोय नव्हती, आणि कालच्या बोलण्यानंतर खाओ सानला परतायची ओढही नव्हती. तो पुष्कळ वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बरोबर मित्र आहे. त्याला टाकून राहता येणार नाही." त्या वृद्धांनी आग्रह वाढवला नाही. निघताना खाकऱ्यांचे दोन पुडे तेवढे हातात दिले.

इकडे कोल्हापूरकर दिवसाच्या उजेडात पुन्हा याओवारातला गेला होता. मागच्या एका गल्लीत दुकानावर पिवळ्या कापडाची पताका लटकत होती आणि तिच्यावर लाल रंगात काहीतरी, इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखे दिसणारे, लिहिलेले होते. काचेआड भाज्यांची दहा-बारा पातेली. त्याने बोट दाखवून विचारले. दुकानदारीणबाईंची इंग्रजी येणारी नात पुढे आली. ते अक्षर होते 'जे'. 'जे'च्या पंगतीत मांस नाही, मासळीचे पाणी नाही, अंडे नाही. आणि लसूण नाही, कांदाही नाही. लसणीचे नाव ऐकून कोल्हापूरकर थबकला. पुण्यातल्या खाणावळीत चार वर्षे ज्याच्या ताटाची त्याने थट्टा केली होती, त्याचे ताट येथे पातेल्यांत मांडलेले होते. त्याने दुकान केव्हा बंद होते ते विचारले आणि मित्राला निरोप धाडला: जिथे असशील तिथून ये, तीनच्या आत.

बार्शीकर येऊन पोहोचला आणि आधी पातेली न्याहाळू लागला. ही तपासणी सोपी नव्हती. कांदा-लसूण येथे वर्ज्य ते उग्र वासामुळे, विकार चाळवतात म्हणून. तंबाखूही त्याच यादीत. अनंतकायाचा विचार त्यामागे नाही. त्यामुळे मुळा होता, अळकुडी होती, अळंबी तर तीन पातेल्यांत. शेवटी टोफू आणि पालेभाजी, भोपळा, आणि भात एवढे उरले. ते त्याने पोटभर खाल्ले. जेवणानंतर त्याने दुधाचा चहा मागितला, तेव्हा आजीबाईंनी नातीला काहीतरी विचारले आणि नात हसू लागली. "आजी विचारते, तुम्ही दूध पिता? मग हे कसले व्रत?"

'जे'मध्ये दूधही चालत नाही. बार्शीकराला उत्तर सुचले नाही. आपला नियम जगात सर्वांत कडक, ही समजूत घरोघरी असते. ती परक्या देशातल्या एखाद्या आजीने हसत हसत तपासून पाहावी, यात नुकसान काही नाही. त्यांच्याकडे वर्षातून नऊ दिवसांचा 'जे'चा सणही असतो, आपल्या आश्विन ओळीच्या आसपासच, हे ऐकून त्याला आयंबिलाची आठवण झाली. आणि साध्या शाकाहाराला थाई भाषेत काय म्हणतात, तर 'मंग्सविरत': मांस आणि विरती. देशविरती, सर्वविरती हे शब्द प्रवचनांत ऐकत वाढलेल्या मुलाला तो शब्द एखाद्या दूरच्या नातलगासारखा भेटला.

पैसे देताना बार्शीकराने पाकीट काढले, आणि तेथेच कालचा विषय निघाला. तो म्हणाला, "पैशाचा प्रश्न नव्हता. आमच्यात स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला अनुमोदन देणं, तिन्ही एकाच हिशेबात येतात. माशांचे अर्धे पैसे माझे असते तर..."

"मग हे काल सांगायला काय झालं होतं?"

"तू मारवाडी म्हणालास."

कोल्हापूरकर खाली पाहत राहिला. मग त्याने सामाईक पाकीट बाजूला सारले आणि दोघांच्या जेवणाचे ८० बाट स्वतःच्या खिशातून दिले. "हे माझ्या खात्यावर लिही. भोपळ्याला कुणाचं अनुमोदन लागत नाही ना?" त्या रात्री वहीत नवे पान उघडले गेले: जेवण, ज्याचे त्याचे. कोल्हापूरकराचे रात्रीचे मासे बंद झाले नाहीत. होण्याचे कारणही नव्हते. बार्शीकर आता तेवढा वेळ वसतिगृहात वाचत बसे.

चौथ्या दिवशी पहाटे गल्लीत पिंडपाताला निघालेले भिक्खू दिसले. शब्द तोच, थोडा झिजलेला: 'बिंथबात'. अनवाणी पाय, खाली नजर, गोचरीचीच आठवण. एका बाईने पात्रात भात वाढला आणि त्यावर तळलेली मासळी ठेवली. बार्शीकराचा चेहरा उतरला. बौद्ध म्हणजे अहिंसा, अहिंसा म्हणजे शाकाहार, अशी सरळ सांगड त्याने घातली होती. वसतिगृहाच्या मालकाने समजावले, की जे पात्रात पडेल ते भिक्खू घेतात. मात्र आपल्यासाठी प्राणी मारला आहे असे पाहिले, ऐकले वा शंकाही आली तर घेत नाहीत, आणि दुपारी बारानंतर घन आहार नाही. साधूंसाठी मुद्दाम केलेला आहार आधाकर्मी दोषाचा म्हणून वर्ज्य, हे बार्शीकराला लहानपणापासून ठाऊक. चिंता तीच, की आपल्या निमित्ताने काही घडू नये. पण तिथून निघालेल्या दोन वाटा किती लांब गेल्या! त्याला ते पटले नाही. तिरस्कारही वाटला नाही.

"बारानंतर जेवण नाही," कोल्हापूरकर म्हणाला. "तुझं सूर्यास्तापर्यंतचं बरंच बरं म्हणायचं."

पाचव्या दिवशी पहाटे ५.५५ ला हुआ लाम्फोंग स्थानकातून अरण्यप्रथेतला जाणारी तिसऱ्या वर्गाची गाडी पकडली. तिकीट ४८ बाट, खिडक्या उघड्या, दोन्ही बाजूंना शेते. आदल्या दिवशी 'जे'च्या दुकानातल्या नातीने थाई लिपीत एक पुठ्ठा लिहून दिला होता: कांदा, लसूण, मुळा, बटाटा, अळंबी, अंडे, मासळीचे पाणी, काही नको. पुठ्ठा कोल्हापूरकराच्या शर्टाच्या खिशात होता. गाडीत भात-कोंबडीची पुडकी घेऊन विक्रेत्या बाया येत. तो स्वतःसाठी एक पुडके घेई आणि मग पुठ्ठा पुढे करी. दोघींनी मान हलवली. तिसरीने पुठ्ठा दोनदा वाचला, टोपलीच्या तळाशी हात घातला आणि उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा काढून दिल्या. शेंगा जमिनीखाली लागतात, त्या कंदमुळात धरायच्या की नाही, यावर दोघांचा पुढच्या दोन स्थानकांपर्यंत वाद झाला. त्या कंदमूळ नव्हेत, असे बार्शीकराने शेवटी आईच्या स्वयंपाकघराचा दाखला देऊन सिद्ध केले.

सरहद्दीवर ऊन तापले होते. पलीकडच्या देशात माशांचे पाणी नव्हे, खारवलेल्या माशांचा लगदाच स्वयंपाकात पडतो, असे रांगेतल्या कोणीतरी सांगितले. पारपत्रावर शिक्का पडताच कोल्हापूरकर पुठ्ठा हातात घेऊन, थाई आणि ख्मेर दोन्ही वाचणारे कोणी भेटते का ते विचारत, रांगेच्या पुढे निघून गेला. बार्शीकर दोघांच्या पिशव्या सांभाळत उभा राहिला.