फजरनंतरचा दीड तास

नवीन पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत माझं कॉलेज फजरनंतर भरतं. यांची लोकल सुटली की तीन वर्षांची लेक उठेपर्यंतचा दीड तास माझा. 1989 साली स्थापन झालेल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं ब्रीद आहे ‘ज्ञानगंगा घरोघरी’. आमच्याकडे ती डब्याच्या चपात्यांमधून वाट काढत येते.

सासूबाईंनी विचारलं, “आता बी.ए. होऊन काय करणार?”

म्हटलं, “अम्मी, उद्या हिचा अभ्यास कोण घेणार?”

त्या काही बोलल्या नाहीत. पण आता लेक लवकर उठली, तर त्याच तिला गॅलरीत घेऊन बसतात. रविवारी हे तिला बागेत नेतात, तेव्हा मी स्वाध्याय लिहिते.

बहिणींनो, अभ्यासाला वेळ आपणहून कुणी देत नाही. घरच्यांकडे तो मागावा लागतो. मागा.