तेल वाढवू नका, वहिनी

लातूर,
नोव्हेंबर २०२५

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं, मेणबत्त्यांच्या डब्याही धड पोचल्या. सोयामेणात आठ टक्के सुगंधी तेल घालूनही गिऱ्हाईक ‘वासच येत नाही’ म्हणतंय, तर आता बारा टक्के घालू का, असं तुम्ही विचारलंय. घालू नका. खरं तर पत्र इथंच संपायला हरकत नाही, पण कारण कळल्याशिवाय तुम्ही कुणाचं ऐकत नाही हे दादानं लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगून ठेवलंय. म्हणून सविस्तर लिहितो.

माझी सगळी नोकरी तेल गिरणीच्या प्रयोगशाळेत गेली आणि ती कशात, तर सोयाबीनच्या तेलाला वास राहू नये हे बघण्यात. कच्च्या सोयातेलाला हिरवट, गवताळ वास असतो. तो घालवायला तेल अडीचशे अंशांच्या आसपास तापवतात, टाकीतली हवा ओढून घेतात, तेल पातळ थरांनी पसरतात आणि खालून वाफ सोडतात. वर जाताना वाफ वासाचे कण बरोबर घेऊन जाते. तुमच्या फोडणीचं रिफाइंड तेल बिनवासाचं असतं ते यामुळं. आता तुम्हाला त्याच सोयाबीनच्या मेणातून वास बाहेर काढायचाय. आम्ही तो फेकून देतो, तुम्हाला तो खोलीत हवाय. काम मात्र एकच. मेण किती तापलं, किती पसरलं आणि वर वाहून न्यायला काही आहे का, या तीन गोष्टी महत्त्वाच्या. मेणबत्तीत ज्योत तापवते, वातीभोवती वितळलेलं तळं म्हणजे पसरलेला थर, आणि ज्योतीवरून वर चढणारी गरम हवा आमच्या वाफेचं काम करते. बाटलीतलं तेल वाढवून यातलं एकही वाढत नाही.

सोयामेण हे डालड्याच्या घराण्यातलं. तेलात निकेलच्या मदतीनं हायड्रोजन घातला की ते घट्ट होत जातं. १९३७ साली बाजारात आलेला डालडा त्याच पद्धतीचा, हे मेण त्याच्या पुढच्या पायरीवरचं. मेणबत्तीसाठी ते १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मायकेल रिचर्ड्स नावाच्या माणसानं जमवलं. तिथंही आपल्यासारखंच, जिकडं बघावं तिकडं सोयाबीन. दाण्यात तेल अठरा-वीस टक्के. म्हणजे तुमच्या दोनशे ग्रॅमच्या डबीत साधारण एक किलो सोयाबीनचं तेल बसलंय. २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, किलोला त्रेपन्न. (मोंढ्यात तेवढाही पदरात पडला तर.) वजनाला वजन लावलं तर डबीत सगळ्यात महाग आहे ते सुगंधी तेल, आणि तुम्ही नेमकं तेच दीडपट करायला निघालात.

स्निग्ध पदार्थ वास धरून ठेवतो. फोडणीतल्या लसणाचा वास दुसऱ्या दिवशीही तेलात असतो, ते यामुळंच. सोयामेणात सुगंधी तेल छान विरघळतं आणि विरघळतं म्हणूनच ते सहज सुटत नाही. पॅराफिनच्या मेणबत्तीचा वास लवकर पसरतो, सोयाचा हळू, अशी तक्रार सगळीकडं ऐकू येते. ती खोटी नाही. पण त्यावरचा इलाज वातीत आहे.

तुमची मोगऱ्याची डबी मी घरी पेटवली आणि तीन तास जळू दिली. डबीचा व्यास सात सेंटिमीटर. वातीभोवती वितळलेलं तळं चार सेंटिमीटरवर थांबलं, कडेनं बोटभर मेण घट्टच राहिलं. आता हिशेब करा. चाराचा वर्ग सोळा, साताचा एकोणपन्नास. म्हणजे जेवढ्या पृष्ठभागातून वास उठायला हवा त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शातून तो उठतोय. बाकीच्या मेणातलं मोगऱ्याचं तेल डबीतच कोंडून बसलंय. अशीच चार-पाचदा पेटवली की वातीभोवती विहीर पडते, ज्योत खाली जाते आणि उरलासुरला वासही वर येत नाही. वात एक नंबर जाड घेतली आणि तळं कडेपर्यंत गेलं, तर त्याच आठ टक्क्यांत वास सुटायची जागा तिप्पट होईल. पॅराफिनसाठी जी वात पुरते ती सोयाला बहुधा बारीक पडते, कारण हे मेण दाट, वातीतून वर चढायला जड.

लगेच सगळ्यात जाड वात मात्र आणू नका. मग ज्योत नाचते, काजळी धरते, वातीच्या टोकाला काळी गाठ येते आणि सुगंध हवेत जायच्या आधी ज्योतीतच जळतो. डबीही हाताला चटका देण्याइतकी तापते. तीन तासांत तळं कडेला टेकावं, त्याची खोली सेंटिमीटरभर असावी, ज्योत शांत असावी. एवढं जमलं की वात बरोबर. प्रत्येक वेळी पेटवण्याआधी ती पाच मिलिमीटरवर कापायची. हे गिऱ्हाइकालाही डबीखालच्या चिठ्ठीत लिहून द्या. पहिल्यांदा पेटवून अर्ध्या तासात फुंकर मारणारी माणसं फार असतात आणि नंतर तीच वास येत नाही म्हणतात.

बारा टक्क्यांचं आणखी एक. वास दुप्पट घातला म्हणून नाकाला दुप्पट लागत नाही. पुष्कळ वासांच्या बाबतीत प्रमाण दुप्पट केलं तर जाणवतो तो साधारण दीडपट. आठाचं बारा केल्यावर जाणवेल तो फार तर सव्वापट, खर्च मात्र दीडपट. शिवाय मेणाची कंपनी जी मर्यादा छापते, बहुधा दहा टक्क्यांच्या आसपास, तिच्यापुढं गेलात तर तेल मेणात मावत नाही. वर घामासारखे थेंब येतात, वात तुंबते, कधी ज्योत भडकते. घरात लेकरं आहेत. टक्के मोजतानाही चमचे आणि थेंब नकोत, काट्यावर ग्रॅम बघा: दोनशे ग्रॅम मेणाला सोळा ग्रॅम.

आता नाकाचं. वहिनी, तुमच्या मेणबत्त्यांचा वास ठरवायला घरात सर्वांत नालायक नाक तुमचं आहे, राग मानू नका. सकाळभर मोगरा ओतणाऱ्या माणसाला दुपारी मोगरा लागत नाही. तोच वास सारखा आला की नाक काही मिनिटांत त्याची दखल घ्यायचं सोडतं. आमच्या प्रयोगशाळेत याच कारणानं एका बैठकीत फार नमुने हुंगू देत नाहीत. अत्तराच्या दुकानात मध्ये मध्ये कॉफीचे दाणे हुंगायला देतात, त्याचा उपयोग होतो का हे तपासून पाहिलं गेलंय. साध्या हवेपेक्षा कॉफी काही जास्त करत नाही. तेव्हा अंगणात जाऊन पंधरा-वीस मिनिटं बसा, पुरे.

परीक्षा अशी घ्या. दहा बाय दहाची खोली, पंखा बंद, दार लावलेलं. डबी पेटवून एक तास थांबा. मग बाहेरून आलेल्या माणसाला, म्हणजे आईला किंवा शेजारच्या बाईंना, आत बोलवा आणि काय पेटवलंय ते न सांगता शून्य ते पाच गुण मागा. दारात किती, मधोमध किती, शेजारच्या खोलीत किती. दोन डब्यांत खरंच फरक आहे का हे बघायला आमच्याकडं तीन नमुने ठेवतात, दोन सारखे, एक निराळा, आणि निराळा ओळखायला सांगतात. बहुतेकांना ओळखू आला नाही तर फरक तुमच्या मनात आहे, मेणात नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. वात बदलली तर तेल तेच, मेण तेच, डबी तीच.

झाकण उघडून येणारा वास आणि पेटवल्यावर खोलीत भरणारा वास हे दोन वेगळे निकाल आहेत, वहीत दोन रकाने करा. लिंबू-संत्र्याच्या तेलातलं लिमोनीन १७६ अंशांना उकळतं, म्हणजे हलकं; झाकण काढताच नाकात जातं आणि पेटवल्यावर लवकर संपतं. व्हॅनिलाचा व्हॅनिलिन २८५ अंशांचा. थंड डबीत तो मुका, तापल्यावर बोलायला लागतो. चंदनाचंही तसंच. स्टॉलवर हुंगून विकत घेणारं गिऱ्हाईक हलक्या वासाला भुलतं, पण परत येतं ते जड वासासाठी. दोन्हींचं मिश्रण करा.

आणि मुरू द्या. धनत्रयोदशीला ओतलेल्या डब्या लक्ष्मीपूजनाला विकल्या असं तुम्ही लिहिलंय. निम्मी तक्रार तिथंच आली. सोयामेण वरून गोठलं तरी आतले स्फटिक पुढं कित्येक दिवस जागा बदलत राहतात. झाकण लावून दोन आठवडे ठेवा, मगच परीक्षा आणि मगच विक्री. तेल घालताना मेण सत्तर-ऐंशी अंशांवर असावं, दोन मिनिटं हळू ढवळावं, थोडं निवल्यावर ओतावं. बाटलीवर लिहिलेला ज्वलनांक बघून घाबरू नका. त्या अंशाला सुगंध उडून जात नाही, उघडी ज्योत जवळ आली तर वाफ पेट घेऊ शकते एवढाच त्याचा अर्थ. म्हणून पातेलं गॅसवर थेट नको, गरम पाण्यात ठेवा.

तुमच्या किनवटच्या थंडीत डबीवर पांढरं बुरशीसारखं उमटतं, त्यानं वासाचं काही बिघडत नाही. मे महिन्याची मात्र काळजी घ्या. डबीत ओतायचं मेण पन्नास अंशांच्या आसपास वितळतं. पत्र्याखालच्या खोलीत ते मऊ पडून तेल सोडतं.

मोहाच्या वासाची मेणबत्ती करायचा तुमचा विचार मला फार आवडला, पण ती होईल असं वाटत नाही. मोहाच्या फुलात जो घटक आहे तोच सुवासिक तांदळातही असतो, आणि तो फार नाजूक. बाटलीत टिकत नाही, मेणात तर नाहीच. बाजारात मोह म्हणून जे मिळेल ते नक्कल असेल, आणि पहाटे मोह वेचणाऱ्या बायकांना ती पहिल्या हुंगण्यात कळेल. त्यापेक्षा रोशा गवताचं तेल बघा. खानदेशातल्या डोंगरांत ते गवत भट्टी लावून गाळायचे, मुंबई बंदरातून तेल तुर्कस्तानात जायचं आणि तिथं गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं, एवढा त्याचा वास गुलाबाच्या जवळचा. त्या तेलात तीन चतुर्थांशाहून अधिक जिरॅनिऑल आहे, उकळण्याचा अंश २३०. फार हलकं नाही, फार जड नाही. सोयामेणात ते चांगलं चालावं असा माझा अंदाज आहे.

या पत्रासोबत तीन जाडीच्या सुती वाती पाठवतोय. प्रत्येकीच्या दोन डब्या करा, मोगराच, तेल सगळ्यांत आठ टक्के. दोन आठवडे मुरवा, मग आईच्या आणि शेजारच्या बाईंच्या नाकाचा निकाल मला कळवा. तुमच्या नाकाचा नको.

दादाला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
धाकटा दीर