गुंठ्याला पाचशे

गुंठ्याला पाचशे रुपये. हा हिशेब मला अजून सोसत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या झाल्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारनं फळबागांची मदत हेक्टरी 18,000 वरून 50,000 केली, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. ऐकून मलाही हायसं वाटलं. पण इथं हेक्टर आहे कुणाकडे? आमची वाडी नऊ गुंठ्यांची, म्हणजे हिशेब गुंठ्याला पाचशेचा.

वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढलेले मिरीचे वेल, सावलीला जायफळ, पाटाच्या कडेनं केळी. एकाच जमिनीत पाच पिकं. सासूबाईंनी ती एकावर एक उभी केली, कारण जमीन वाढत नाही. पंचनाम्याला आलेल्या माणसांनी मधोमध मोडलेल्या पोफळी पाहिल्या, हळहळलेही. लिहिलं मात्र क्षेत्र. जमिनीची लांबी-रुंदी मोजली, उंचीचं काय? पुढं झाडामागे मदत ठरली, माडाला 250 आणि पोफळीला 50. झाडं मोजायची हे बरोबरच, पण पन्नास रुपयांत पडलेलं खोड उचलायची मजुरीही सुटत नाही. नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षं जातात आणि तेवढी वर्षं तिला पाणी घालावं लागतं.

आणि हे पैसेसुद्धा सरळ हातात येईनात. सातबारा सामाईक. सासऱ्यांच्या पश्चात भावाभावांची, मग त्यांच्या मुलांची नावं चढत गेलेली. मदत एकाच्या खात्यात घालायची तर बाकीच्यांची संमतीपत्रं आणा, म्हणाले. माणसं मुंबईत, टाळेबंदी चालू, गावात वीज नाही, फोन लागत नाही. रेंज मिळवायला आम्ही डोंगरावर जायचो. थोरल्या भाऊजींनी लगेच सही केली, पण कागद कुणाबरोबर पाठवणार? फोटो चालणार नाही, मूळ कागदच हवा. वर्षानुवर्षं वाडी शिंपते मी, झावळ्या वेचते मी, आणि वाडी माझीच मोडली हे सिद्ध करायला विरार-डोंबिवलीच्या सह्या! कार्यालयात हेच बोलले तर समोरचे म्हणाले, "वहिनी, नियम आहे."

एका चुलत जावेनं सही दिलीच नाही. तिचा मला फार राग आला, अगदी बोलणंही टाकलं. तिचा नवरा गेलेला, मुंबईत धुण्याभांड्याची कामं बंद पडलेली. तिच्या नावावर जगात काय होतं? तो सातबाराच. अडवणूक वाटणाऱ्या त्या नियमामुळेच तिला निदान कुणी विचारलं. मी तिच्या जागी असते तर सही दिली असती का, सांगता येत नाही. तरीही राग पुरता गेलेला नाही.

आमचे पैसे उशिरा आले, तिचा हिस्सा वगळून. निसर्गनंतर वर्षाच्या आत, मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं.

ज्यांची माणसं हयात आहेत त्यांनी वाटप करून घ्यावं, असं मी सगळ्यांना सांगते. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे होतं. ई-पीक पाहणीत मिश्र पीक नोंदवा, माड-पोफळी नोंदवायच्या राहू देऊ नका. आमचं वाटप मात्र झालेलं नाही. नऊ गुंठ्यांचे पाच तुकडे केले तर विहीर एकाच्याच हिश्श्यात जाईल, आणि बाकीच्यांच्या पोफळी पाण्यावाचून मरतील.