नातवाचा ताप आणि आजीची गोळी

शरद ऋतू ही वैद्यांची आई, असे जुने लोक म्हणत आले आहेत. पावसाळ्यात साचलेले पित्त शरदाच्या उन्हाने उसळते, असे आयुर्वेदाची ऋतुचर्या सांगते. मी आधुनिक वैद्यक शिकलेली, त्यामुळे माझी परिभाषा वेगळी. तरीही माळेगाव बुद्रुकमध्ये इतकी वर्षे रुग्ण तपासताना या जुन्या बोलाचा प्रत्यय मला दर वर्षी येत आला आहे. गणपती गेले, पितृपक्ष सुरू झाला, की दवाखान्यातील बाकडी लहान मुलांनी भरू लागतात. दुपारी उन्हाचा चटका बसतो, संध्याकाळी हस्ताची सर येऊन जाते आणि पहाटे पांघरूण ओढून घ्यावेसे वाटते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस डोक्यावर गेलेला असतो, बाजरीची काढणी चाललेली असते. घरातील कर्ती माणसे रानात असतात, नाही तर बारामतीच्या एमआयडीसीत कामावर. अशा वेळी तापलेले मूल कडेवर घेऊन माझ्यासमोर येते ती बहुधा त्याची आजी.

मूल तपासून झाले, की गेली काही वर्षे मी एक प्रश्न न चुकता विचारते : "आजी, तुमची सकाळची गोळी झाली का?" उत्तर ठरलेले असते. "माझं काय घेऊन बसलात मॅडम, आधी लेकराचं बघा." या उत्तरात माया आहे, हे खरेच. पण एका डॉक्टरला त्यात धोकाही ऐकू येतो. ज्या घरात लहान मूल आणि वृद्ध माणूस दिवसभर एकमेकांच्या सोबतीने राहतात, तिथे दोघांच्या प्रकृती वेगवेगळ्या मोजता येत नाहीत. या लेखात मला तेवढेच सांगायचे आहे.

आधी मुलांविषयी. या दिवसांतील बहुतेक ताप विषाणूंमुळे येतात आणि काही दिवसांत आपोआप उतरतात. त्यांना अँटिबायोटिकची गरज नसते. पॅरासिटामॉलची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते : एका वेळी दर किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, आणि दोन मात्रांमध्ये चार ते सहा तासांचे अंतर. हे सिरप कमी-जास्त तीव्रतेचे मिळते. त्यामुळे शेजारच्या घरातील बाटलीतून अंदाजाने चमचाभर पाजणे योग्य नव्हे. माझी सुनांना आणि लेकींना विनंती असते, की कामावर जाण्यापूर्वी बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून मात्रा आणि वेळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आजीचा चष्मा ऐन वेळी सापडेलच असे नाही.

डेंग्यूच्या बाबतीत एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. ताप उतरला की घर निश्चिंत होते. पण या आजारात काळजीचा काळ नेमका ताप उतरताना सुरू होतो. त्या एक-दोन दिवसांत पोटात सारखे दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, मूल मलूल होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी पाळण्यात झोपलेल्या बाळालाही मच्छरदाणी हवी. अंड्यापासून डास तयार व्हायला सुमारे आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा रांजण, हौद आणि कूलरची टाकी घासून कोरडी केली, की ही साखळी तुटते. हे काम मात्र गुडघे दुखणाऱ्या आजोबांवर सोडू नये.

खोकल्याच्या औषधाविषयी विशेष सांगायचे आहे. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित सिरपमुळे मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली, की दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा सुचवली जात नाहीत. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला अर्धा चमचा मध आणि कोमट पाणी पुष्कळदा पुरते. वर्षाच्या आतील बाळाला मात्र मधाचे बोटही चाटवू नये; त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. जुन्या रीतीविरुद्ध बोलताना मला संकोच वाटतो, पण हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

आता आजीकडे वळते. नातवाची सर्दी त्याला चार दिवस बेजार करते. सत्तरीच्या मधुमेही आजीला किंवा दम्याच्या आजोबांना तीच छातीत उतरून रुग्णालयात नेऊ शकते. मुलाला दूर ठेवा असे मी म्हणणार नाही; ते कुणाला जमणारही नाही. नाक पुसल्यावर साबणाने हात धुवावेत, मुलाच्या उष्ट्या चमच्याने स्वतः खाऊ नये आणि फ्लूच्या व न्यूमोनियाच्या लशींविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे. एवढे जमण्याजोगे आहे.

दुसरा धोका याच्या उलट दिशेने येतो. आमच्याकडच्या आज्या गोळ्या कुठे ठेवतात? उशाखाली, बटव्यात, पदराच्या गाठीत, देवघराच्या कोनाड्यात. रांगत्या मुलाचा हात नेमका तिथे पोहोचतो. साखर कमी करणारी ग्लिमेपिराइडसारखी एकच गोळी लहान मुलाची साखर जीवघेणी घसरवू शकते. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही गोळ्यांचेही तसेच. शिवाय परिणाम काही तासांनी दिसू शकतो. मूल खेळत आहे म्हणून घरी थांबू नये, मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. गोळीचे पाकीट सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे. वाहन नसेल तर 108 ला फोन करावा.

गेल्या शरदात आमच्या घरी तीन पिढ्या एकत्र होत्या. लेक कामानिमित्त बाहेरगावी होती आणि तिची दीड वर्षाची मुलगी महिनाभर आमच्याकडे राहिली. सासूबाईंचे वय ऐंशीच्या पुढे, मधुमेह जुना. पणतीला जेवू घालायचा मान त्यांनी कुणाला दिला नाही, आणि त्या नादात स्वतःचे जेवण लांबू लागले. मी काही सुचवण्याआधी त्यांनीच नियम केला : "आधी माझी गोळी, माझी अर्धी भाकरी, मग हिचा मऊभात." गोळ्यांचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला आणि रोज माझे यजमान तो काढून देऊ लागले. छोकरी भुकेने पाच मिनिटे रडायची. सासूबाई म्हणायच्या, "रडू दे, मी पडले तर हिला धरणार कोण?" औषध वेळेवर घेण्याचे इतके नेमके कारण मी कोणत्याही रुग्णाला सांगू शकले नव्हते.

नवरात्रात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. नऊ दिवसांचा उपास, मधुमेहाची गोळी नेहमीची, आणि दुपारी घरात फक्त आजी व दोन वर्षांचे मूल. घाम फुटतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी आजी कोसळली तर मूल कुणाला हाक मारणार? म्हणून माझा आग्रह असतो, की घटस्थापनेच्या आधीच डॉक्टरांना भेटावे. गोळी मनाने बंद करू नये आणि उपासात तशीच चालूही ठेवू नये. मात्रा बदलून घ्यावी. हाताशी साखर ठेवावी आणि अंधारी येताच तीन-चार चमचे पाण्यात घोळून घ्यावी. त्या क्षणी उपास मोडला तर देवी रागावत नाही, हे मी अनेक घरांत श्रद्धेने सांगितले आहे.

घरच्या तरुणांसाठीही दोन शब्द. आई मुले सांभाळते, म्हणजे ती दिवसभर शारीरिक श्रमाचे काम करते. दहा-बारा किलोचे मूल वाकून उचलण्याऐवजी ते आधी खाटेवर चढेल आणि मग आजी बसून त्याला जवळ घेईल, अशी सवय लावावी. रात्री वाटेत खेळणी राहू देऊ नयेत. दुपारी एक फोन करावा आणि त्यात मुलाने काय खाल्ले याआधी आईने काय खाल्ले ते विचारावे. आठवड्यातला एक दिवस तिला पूर्ण सुट्टी द्यावी. भोंडल्याला जायचे की नुसते पडून राहायचे, ते तिचे तिने ठरवावे.

लवकरच कारखान्याचे बॉयलर पेटतील आणि शिवारात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतील. त्या कोप्यांतील तान्ही मुले पुष्कळदा सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर बसून माझ्याकडे येतात. त्यांची आजी दूर गावी राहिलेली असते. ताप कधी आला, दूध किती प्यायले, लघवी झाली का, यांची उत्तरे त्या मुलीजवळ नसतात. आणि का असावीत? आजी सोबत असते तेव्हा ती सारी उत्तरे मला एका दमात मिळतात आणि माझे निम्मे निदान तिथेच होते. ही जाणती नजर घराघरांत पुढची अनेक वर्षे शाबूत राहावी, एवढ्यासाठी सकाळची ती एक गोळी, वेळेवर.